माळ्यावरचा व्हॉल्व्ह सेट थेट प्लगला लावू नका

जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ सेट हाती आला की पहिली खाज एकच सुटते: प्लग लावायचा आणि चालतोय का बघायचं. देणाराही तेच म्हणतो, "लावून बघा की, काय होतंय!" मीही तेच केलं होतं. भवानी पेठेतल्या एका ओळखीच्या घरून, पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावरून आणलेला रिसीव्हर होता. प्लग लावला, डायलचा दिवा छान पिवळा पेटला, स्पीकरमधून हम वाढत गेला आणि चाळीसेक सेकंदांत मागच्या जाळीतून डांबर जळाल्यासारखा वास सुटला. मेन ट्रान्सफॉर्मर गेला. तीस वर्षं सोलापूरच्या उन्हात आणि धुळीत त्या सेटला काही झालं नव्हतं. मी त्याला पाऊण मिनिटात मारला.

पुढे जे लिहितोय ते बरंचसं त्या चाळीस सेकंदांबद्दल आहे. तेवढ्या वेळात आत काय घडतं आणि ते घडू नये म्हणून आधी काय करायचं, हे कळलं की जुन्या हॅम रेडिओची निम्मी दुरुस्ती कळली.

पण आधी हे सेट कुठले, ते सांगतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. परीक्षा देऊन केंद्र सरकारकडून लायसन्स घ्यायचं, कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं आपलं ओळखनाव, मिळवायची आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर दुसऱ्या हॅमशी बोलायचं. मधे मोबाइल टॉवर नाही, कंपनी नाही, बिल नाही. आपल्याकडच्या कॉलसाइन व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात, आणि वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. भारतात हा छंद १९२१ मध्ये कोलकात्यात सुरू झाला. मग १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध लागलं आणि इंग्रज सरकारनं हॅम लोकांना आपापले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला लावले. म्हणून युद्धाआधीचं हॅम सामान आपल्याकडे जवळजवळ दिसतच नाही. कुणी "हा १९३५ चा हॅम ट्रान्समीटर आहे" म्हणून विकायला आलं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

मिळतं ते तीन प्रकारचं. पहिला प्रकार युद्धातून उरलेल्या लष्करी सेटांचा. अमेरिकन बी-१७, बी-२९ विमानांतला बीसी-३४८ रिसीव्हर आणि इंग्रजांच्या लँकेस्टर बॉम्बरमधला आर-११५५ ही त्यातली ठळक नावं. युद्ध संपल्यावर असं सामान किलोच्या भावानं बाजारात आलं आणि भारतातल्या कितीतरी हॅमची सुरुवात त्यावर झाली. दुसरा प्रकार घरी बांधलेल्या सेटांचा. परदेशी सेट आयात करणं महाग आणि किचकट होतं, त्यामुळे लोक पत्रा कापून, भोकं पाडून, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळून ट्रान्समीटर बांधत. तिसरा प्रकार १९७० च्या दशकातल्या जपानी सेटांचा, म्हणजे केनवुडचा टीएस-५२०, याएसूचा एफटी-१०१. त्यात बहुतेक सगळं ट्रान्झिस्टरवर, फक्त ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यांत व्हॉल्व्ह.

संग्राहक पहिल्या प्रकारामागे धावतात. माझा जीव दुसऱ्यावर आहे. कंपनीच्या सेटची माहिती कुठेही मिळते. घरी बांधलेला सेट मात्र जगात एकच असतो, त्याचा नकाशा तुम्हालाच वायर धरून धरून काढावा लागतो, आणि काढता काढता बांधणाऱ्याची ओळख होते. कुठला माणूस सोल्डरचा डाग देताना घाईत होता, कुणी प्रत्येक वायर काटकोनात वळवली, कुणाकडे हवा तो रेझिस्टन्स नव्हता म्हणून दोन जोडून काम भागवलं, हे सगळं चासीच्या, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, पोटात लिहिलेलं असतं.

काचेतला कालवा

व्हॉल्व्ह कसा चालतो हे समजायला उजनीचा कालवा आठवा. वर धरणात प्रचंड पाणी, खाली कालवा, मधे गेट. एक माणूस चाक फिरवून गेट थोडं वर-खाली करतो आणि हजारो लिटर पाणी त्याच्या हातावर कमी-जास्त होतं. व्हॉल्व्हच्या काचेत हवा काढून घेतलेली असते. मधली नळी, म्हणजे कॅथोड, आतल्या तारेनं तापते आणि तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरची पट्टी, म्हणजे प्लेट, दोनशे-अडीचशे व्होल्ट पॉझिटिव्ह असते, ती त्यांना ओढून घेते. या दोघांच्या मधे बारीक तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. तेच आपलं गेट. ग्रिडवर थोडासा निगेटिव्ह व्होल्टेज ठेवला की प्रवाह आवरलेला राहतो. अँटेनातून आलेल्या क्षीण सिग्नलनं तो किंचित हलला की प्लेटच्या बाजूला मोठा प्रवाह त्याच तालात हलतो. ग्रिड निगेटिव्ह असायला हवी, एवढं लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं अडणार आहे.

दुसरी गोष्ट रिसीव्हरच्या रचनेची. पेटीवर दोन सूर जवळजवळ सारखे, पण किंचित वेगळे लागले की आवाजात वाँव-वाँव असा डोल येतो. सूर जितके लांब, तितका डोल जलद. म्हणजे दोन कंपनांतून त्यांच्या फरकाचं तिसरं कंपन कानावर येतं. एडविन आर्मस्ट्राँगनं १९१८ मध्ये ज्या सुपरहेट रिसीव्हरची रचना केली, त्याच्या मुळाशी काहीसं असंच आहे. समजा ७,०५० किलोहर्ट्झवर कुणी बोलतंय. रिसीव्हर आतल्या आत ७,५०५ किलोहर्ट्झचं कंपन तयार करतो, मिक्सर व्हॉल्व्हमध्ये दोन्ही मिसळतो आणि फरक उरतो ४५५. डायल फिरवून ७,१०० वर गेलात, तर आतलं कंपन ७,५५५ वर सरकतं. फरक पुन्हा ४५५. प्रत्येक स्टेशनासाठी वेगळी चाळणी ठेवण्यापेक्षा प्रत्येक दाणा एकाच मापाचा करून घ्यायचा आणि एकच बारीक चाळणी वापरायची. ती चाळणी म्हणजे अॅल्युमिनियमच्या डब्यांत बसवलेल्या कॉइलच्या जोड्या. मेकॅनिक लोक त्यांना आयएफटी म्हणतात, आणि ४५५ च्या त्या ठरलेल्या फरकाला आयएफ.

घरच्या रेडिओत आणि हॅम रिसीव्हरमध्ये इथे एक मोठा फरक आहे. हॅम मंडळी मोर्स वाजवतात, किंवा एसएसबीवर बोलतात. एसएसबीत लहरीचा मुख्य भाग आणि आवाजाची एक बाजू गाळून फक्त दुसरी बाजू पाठवतात, म्हणजे ताकद वाया जात नाही. पण साध्या रेडिओवर ते बोलणं बदक क्वॅकक्वॅक करतंय असं ऐकू येतं, आणि मोर्सचा तर नुसता फुसफुस आवाज. म्हणून हॅम रिसीव्हरमध्ये बीएफओ नावाचा आणखी एक व्हॉल्व्ह असतो. तो ४५५ च्या शेजारी स्वतःचं कंपन धरतो. तोच पेटीचा डोल पुन्हा, आणि या वेळी तो कानाला ऐकू येणारी शिट्टी होऊन बाहेर पडतो. भंगारात काळा खोका दिसला आणि पुढच्या पॅनेलवर बीएफओ लिहिलेला नॉब असला, तर थांबून बघा. तो गाणी ऐकायचा रेडिओ नाही.

त्या चाळीस सेकंदांत काय झालं

व्हॉल्व्हचा सेट सहसा व्हॉल्व्हमुळे मरत नाही. तो कंडेन्सरमुळे, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागामुळे, मरतो.

प्लेटला लागणारा डीसी तयार करताना त्यातली लाट सपाट करायला मोठे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर लावलेले असतात. त्यात अॅल्युमिनियमची पातळ गुंडाळी असते आणि तिच्यावर ऑक्साइडचा केसाहून कितीतरी पातळ थर. तोच थर वीज अडवतो. गंमत अशी की हा थर व्होल्टेज मिळत राहिला तरच टिकतो. सेट वीस-तीस वर्षं बंद राहिला की आतल्या रसायनात तो झिजतो, आणि रसायनही वाळतं. अशा कंडेन्सरवर एकदम तीनशे व्होल्ट पडले की तो वीज साठवत नाही, गिळतो. एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह त्याला पुरवत राहतो, रेक्टिफायरला ट्रान्सफॉर्मर पुरवतो, आणि तारांवरचं वार्निश वितळेपर्यंत हे चालतं. मागच्या मालकानं फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असेल, तर मधे अडवणारं कुणीच नाही. माझ्या सेटमध्ये तशी गुंडाळलेली होती, पण मी आधी उघडून पाहिलंच नव्हतं.

असे कंडेन्सर हळूहळू व्होल्टेज वाढवून पुन्हा शुद्धीवर आणता येतात असं सांगणारे लोक आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या कंडेन्सरला शुद्धीवर आणून रोज कामाला लावायचं, हे मला पटत नाही. नवा ४५० व्होल्टचा कंडेन्सर चहा-नाश्त्याच्या पैशांत येतो. फक्त हात सैल सोडू नका. १६ मायक्रोफॅरडच्या जागी २२ चालेल. जास्त म्हणजे चांगलं समजून १०० टाकलात, तर चालू होताना तो रिकामा हौद भरायला रेक्टिफायर व्हॉल्व्हवर जो ताण येतो त्यानं व्हॉल्व्ह जातो.

आता प्लग लावायची वेळ. तीही थेट नाही. सिरीज बोर्ड इलेक्ट्रिशियन लोकांना माहीत असतोच: एका वायरमध्ये बल्बचा होल्डर, मग सॉकेट. त्यात १०० वॉटचा जुना, तारेचा बल्ब हवा. एलईडी इथे काही कामाचा नाही, कारण आपल्याला उजेड नको, तापली की अडवणारी तार हवी आहे. हे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत. मला पिल्लं उबवायचं सामान विकणाऱ्याकडे मिळाले, पोल्ट्रीवाले अजून तेच वापरतात.

आधी सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवायचे, कुठला कुठल्या सॉकेटमधला याची चिठ्ठी लावून. नुसता ट्रान्सफॉर्मर जोडला, तर बल्ब जेमतेम लालसर दिसावा, किंवा दिसूच नये. भक्क पेटला तर ट्रान्सफॉर्मरच शॉर्ट आहे. मग रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह लावायचे आणि त्यांच्या तारा लाल होतात का ते बघायचं. शेवटी रेक्टिफायर. आता बल्ब क्षणभर चमकतो, मग मंदावतो. तो मंदावला की जीव भांड्यात पडतो. मंदावला नाही तर स्विच बंद. एक बजावून सांगतो: हा बल्ब सेटला वाचवतो, तुम्हाला नाही. चासीच्या पोटात अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. दहा किलोओहम, दहा वॉटचा एक रेझिस्टन्स चिमट्यांना जोडून कायम टेबलावर ठेवा, हात घालण्याआधी कंडेन्सर त्यातून रिकामा करा, आणि मीटरनं शून्य बघितल्याशिवाय बोट लावू नका. चालू सेटमध्ये मोजताना डावा हात खिशात. पायात रबरी चप्पल.

काही सेटांत मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८ हा नवशिक्या हॅमचा लाडका रिसीव्हर तसाच आहे, आणि आपल्याकडचे कितीतरी घरगुती रेडिओही. त्यांची चासी थेट विजेच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळा पत्रा जिवंत. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय, म्हणजे सेटला विजेच्या लाइनपासून वेगळा ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय, उघडायचाच नाही. एस-३८ सारखे अमेरिकन सेट तर ११७ व्होल्टवर चालतात, आपल्या २३० वर ते जळून जातात. ज्या सेटला व्होल्टेज निवडायचे २००, २२०, २४० असे टॅप असतात तिथे सरळ २४० वर ठेवा. आमच्या भागात रात्री लोड कमी झाला की मीटर २४५ दाखवतं.

एक कंडेन्सर, जवळून

बल्ब मंदावला, स्पीकरमधून खरखर आली, एखादं स्टेशनही लागलं. नव्वद टक्के लोक इथे थांबतात, फोटो काढतात आणि सेट शोकेसमध्ये चालू करून ठेवतात. महिन्याभरात आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारा, जळतो. कारण एकच छोटा कंडेन्सर.

आवाज मोठा करणारा शेवटचा व्हॉल्व्ह घ्या, समजा ईएल-८४. त्याच्या आधीच्या व्हॉल्व्हची प्लेट शंभर व्होल्टवर आहे. तिथला आवाज पुढच्या ग्रिडला हवा, पण ते शंभर व्होल्ट नकोत. म्हणून मधे ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. जुन्या सेटात तो मेणकागदाचा असतो, करंगळीएवढी तपकिरी नळी. कागद कितीही मेणात बुडवला तरी चाळीस पावसाळ्यांत ओल ओढतोच. ओल आली की वीज किंचित झिरपते. किती किंचित? समजा दहा मेगाओहम. तुमचं मल्टिमीटर नुसतं ओहमवर लावलं तर अशा गळतीला बऱ्याचदा ठणठणीत म्हणेल, कारण ते जेमतेम काही व्होल्टनं तपासतं. पण सेटमध्ये त्यावर शंभर व्होल्ट आहेत. ग्रिडपासून चासीपर्यंत ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स आहे. हिशेब केला तर ग्रिडवर साडेचार व्होल्ट येतात, आणि तेही पॉझिटिव्ह.

ग्रिड निगेटिव्ह असायला हवी असं वर म्हटलं होतं. इथे कुणीतरी गेट उघडून त्यात दगड घालून ठेवलाय. कालवा भरून वाहायला लागतो. व्हॉल्व्ह तापतो, प्लेट अंधारात लालसर दिसते, आणि तेवढा सगळा प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या बारीक तारेतून जातो. आवाज मात्र छान येत असतो. म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

तपासायचं असं. सेट चालू, आवाज शून्यावर, मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन चासीला, लाल पिन ईएल-८४ च्या दोन नंबरच्या पिनला. सिक्स-व्ही-सिक्स व्हॉल्व्ह असेल तर पाच नंबर. शून्याच्या आसपास हवं. (इथे कॅथोड चासीपेक्षा थोडा पॉझिटिव्ह असतो, त्यामुळे चासीशी शून्य असलेली ग्रिड कॅथोडच्या मानानं निगेटिव्हच असते.) एक-दोन व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले, तर सेट बंद करून कंडेन्सरचं एक टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. व्होल्टेज गेला, म्हणजे चोर सापडला. तरीही राहिला, तर व्हॉल्व्हच खराब आहे. माझ्याकडे आजवर आलेल्या सेटांपैकी एकाचाही मेणकागदाचा हा कंडेन्सर चांगला निघालेला नाही, त्यामुळे आता मी मोजण्याच्याही भानगडीत पडत नाही. ६३० व्होल्टचा नवा पॉलिएस्टरचा लावतो आणि पुढे जातो.

सरसकट सगळंच बदलायचं असं नाही. अभ्रकाचे, म्हणजे मायका कंडेन्सर सहसा ठीक असतात. सिरॅमिकचेही. कार्बनचे रेझिस्टन्स वयानुसार वाढतात, ४७० चा ७०० झालेला मी पाहिलाय. लिहिलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त भरकटला की बदलायचा. आणि एका वेळी एकच भाग बदला, प्रत्येक बदलानंतर सेट लावून बघा. एका बैठकीत तीस भाग बदलून मग सेट मुका झाला, तर चूक तिसांपैकी कुठे आहे हे शोधताना रात्र जाते.

काढलेला जुना भाग फेकायचा नाही. काही जण जुन्या मेणाच्या नळीतला ऐवज तापवून बाहेर काढतात, आत नवा छोटा कंडेन्सर सारतात आणि टोकं मेणानं बंद करतात. बघणाऱ्याला सगळं १९५० सालचं दिसतं. दुर्मीळ सेटला हे शोभतं. रोज वापरायच्या सेटला एवढं नटवणं मला वेळेचा अपव्यय वाटतो, पण त्यावर भांडायची माझी तयारी नाही. जुने भाग पिशवीत घालून, काय बदललं ते कागदावर लिहून, कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवतो. पुढच्या माणसाला अंदाज बांधत बसावं लागू नये.

आयएफटीला तर गरज नसताना हात लावूच नका. डब्याच्या वरच्या भोकातून आत पेचासारखा गाभा दिसतो आणि हात शिवशिवतो. तो गाभा ठिसूळ असतो, लोखंडी स्क्रूड्रायव्हरनं पिळला की फुटतो आणि डबा कायमचा बाद. सिग्नल जनरेटर, म्हणजे हवं ते कंपन पुरवणारं यंत्र, आणि प्लास्टिकचा पाना असेल तरच. आणि सगळ्यांचा आकडा ४५५ नसतो. बीसी-३४८ ची आयएफ ९१५ आहे, आर-११५५ ची ५६०. एका गृहस्थांनी बीसी-३४८ नेटानं ४५५ वर आणायचा प्रयत्न केला होता, त्याला मूळ जागी आणायला मला दोन रविवार लागले.

सोलापूरची हवा, सोलापूरचा दोरा

मुंबईहून आलेला सेट उघडला की चासीवर गंज आणि तांब्यावर हिरवी बुरशी असते. आपल्याकडे कोरडी हवा, त्यामुळे पत्रा बराच शाबूत मिळतो. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर गेला की पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल त्याचा विचार करा. कंडेन्सरचं मेण मऊ होऊन ओघळतं. रबराच्या आवरणाच्या वायरी बिस्किटासारख्या तडकतात, हात लावला की उघड्या पडतात. ट्रान्सफॉर्मरमधून निघणारी रबरी वायर मी आता न वाकवता आधी स्लीव्ह घालून घेतो. आणि इथल्या गिरण्यांच्या वस्तीतल्या घरातला सेट असेल तर आत धुळीबरोबर सुताचा बारीक कीस, उंदराच्या घरट्याला अगदी गादीसारखा. ब्रश आणि ब्लोअर पुरतो. पाणी नको. डायलच्या काचेवरची अक्षरं मागच्या बाजूनं रंगवलेली असतात, ती स्पिरिटनं पुसाल तर आकडे बोळ्यावर येतील. मी एकदा सिंगापूर आणि कोलंबो एका फटक्यात पुसून टाकलंय.

डायल फिरवणारा दोरा हटकून तुटलेला असतो. तो ताणला न जाणारा हवा, नाहीतर काटा एक जागा धरत नाही. नायलॉनचा मासेमारीचा दोरा घसरतो, साधा सुती ढिला पडतो. शेवटी जेकार्ड बांधणाऱ्या एका शेजाऱ्यांनी त्यांच्या मागावरची पिळाची दोरी वीतभर जास्तच दिली आणि म्हणाले, "रोज हजारदा वर-खाली होते, तुमच्या रेडिओला काय धाड भरलीय?" चार वर्षं झाली, अजून सैल पडलेली नाही.

लष्करी सामान घेताना तीन गोष्टी. अंधारात दिसावं म्हणून युद्धकाळातल्या डायल आणि मीटरवर रेडियमचा रंग असायचा. त्याची चमक आता गेलेली असते, पण रेडियम तसंच आहे, त्यामुळे खरवडायचं नाही आणि मीटर उघडायचं नाही. चौकोनी पत्र्यांच्या थरासारखा दिसणारा सेलेनियम रेक्टिफायर जळाला तर कुजल्या भाज्यांसारखा घाण वास येतो आणि तो धूर विषारी असतो. खिडक्या उघडा, बाहेर जा. मोठ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या काचेत चांदीसारखे थेंब दिसले, तर तो पारा आहे. तसला व्हॉल्व्ह कापडात गुंडाळून उभा ठेवायचा.

ट्रान्समीटर

तुळजापूर वेशीजवळच्या एका भंगारवाल्याकडे मला तो दिसला तेव्हा त्याचा वरचा पत्रा आधीच वेगळा होऊन गेला होता. "घ्या की साहेब, नुसतं तांबंच दोन किलो निघतंय," असं म्हणत त्यानं ट्रान्सफॉर्मर हातात दिला. चासीवर शेजारी शेजारी दोन आठशेसात बसलेले. हा व्हॉल्व्ह म्हणजे भारतातल्या घरगुती ट्रान्समीटरचा बैल. उभी काच, आणि डोक्यावर धातूची टोपी, प्लेटची वायर तिथे चिमट्यानं लावतात. रिसीव्हरमध्ये अडीचशे व्होल्ट असतात, इथे पाच-सहाशे, आणि ते टोपीवर, अगदी बोटाच्या उंचीवर. ज्यांनी किमान दोन-तीन रिसीव्हर सुखरूप दुरुस्त केलेत त्यांनीच ट्रान्समीटरला हात घालावा. कंडेन्सर आपोआप रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टन्स अशा सेटांत असतो, पण तो तुटलेला असू शकतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

कायद्याचंही बघा. लायसन्सशिवाय ट्रान्समीटर चालवणं गुन्हा आहे आणि तो नुसता बाळगण्याबाबतही नियम कडक आहेत. म्हणून आधी परीक्षा, मग खरेदी. चाचणी घेतानाही अँटेना लावायची नाही. डमी लोड, म्हणजे ५० ओहमचा ताकदवान रेझिस्टन्स, जोडायचा. त्याआधी तर मी साठ वॉटचा बल्बच लावायचो, सिग्नल निघाला की तो पेटतो. बरोबर ५० ओहम नसतं ते, पण खोलीत अंधार करून बोललं की आवाजाबरोबर उजेड हलतो, आणि घरातले लोक पहिल्यांदाच या छंदाकडे आदरानं बघतात.

सामान मिळतं. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बंगळूरला वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह बनवले, त्यांचे न वापरलेले खोके मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या जुन्या बाजारात अजून निघतात. ईएल-८४ च्या जागी रशियन ६पी१४पी चालतो. गाणी ऐकणाऱ्या शौकीन लोकांनी काही व्हॉल्व्हचे भाव आभाळाला नेलेत, पण आठशेसात अजून परवडतो. विकत घेताना व्हॉल्व्हच्या काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे, फुकट दिला तरी नको.

माझा तो दोन आठशेसातवाला आता सकाळी साडेसहाला सात मेगाहर्ट्झवर असतो. गच्चीवर दहा-दहा मीटरच्या दोन तारा, पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत. दिवसा या पट्टीवर पुणे, हैदराबाद, बंगळूर आरामात होतं. सकाळचीच वेळ धरतो, कारण संध्याकाळी गल्लीतले एलईडी बल्ब आणि इन्व्हर्टर चालू झाले की रिसीव्हरमध्ये भुंग्यांचं मोहोळ उठतं. लोडशेडिंगच्या काळात वीज गेली की बॅटरीवरच्या रेडिओत टाचणी पडली तरी ऐकू यायची, त्या बाबतीत ते दिवस चांगले होते म्हणायचे.

गरम होईपर्यंत तो सरकतो. कॉइल तापली की फुगते, फुगली की फ्रिक्वेन्सी खाली जाते. समोरचा हॅम दर पाच मिनिटांनी म्हणतो, "तुम्ही पुन्हा निघालात." अर्धा तास आधी चालू करून ठेवलं की जागेवर बसतो. म्हणून मी सहाला उठून फक्त स्विच टाकतो, आणि दूध तापवायला ठेवतो.